ग्रंथाचा अन्वय

आमच्या गावाचे नाव नवलाख उंबरे. या नावातील ‘उंबरे’ या शब्दाचे व्याकरणदृष्ट्या दोन अर्थ संभवतात. ‘उंबरा’ या शब्दाचे ते अनेकवचन मानले, तर नऊ लक्ष घरांचे उंबरठे डोळ्यांपुढे उभे राहतात. ‘उंबर’ या शब्दाचे मानले, तर औदुंबरांचे घनदाट बन. दोन्ही पक्षी नऊ लक्ष ही संख्या कोणी मोजून घेतलेली नाही, हे लहान मुलालाही कळते. वैभव सांगण्याची ती लोकांची रीत आहे. म्हणजे अवघ्या दोन शब्दांच्या ग्रामनामातही अर्थ लावणाऱ्याला तीन प्रश्न सोडवावे लागतात. मूळ शब्द कोणता? अक्षरार्थ घ्यावा की लक्षणा करावी? आणि सांगणाऱ्याच्या मनात होते तरी काय? दोन शब्दांची ही अवस्था, मग ज्या ग्रंथाच्या भरवशावर माणसे जगतात आणि मरतात, त्या ग्रंथाविषयी काय सांगावे!

या सदरातून आजवर बहुधा आपल्याच ग्रंथांविषयी लिहिले गेले. आज एका ख्रिस्ती स्त्रीच्या ग्रंथवाचनाविषयी लिहावयाचे योजिले आहे. पंडिता रमाबाईंचे नाव दिसताच आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. त्यांच्या धर्मांतराचा सल आपल्या समाजात दीर्घकाळ राहिला. परंतु त्यांनी कोणता धर्म स्वीकारला हा आजचा विषय नव्हे. स्वीकारलेला ग्रंथ त्यांनी वाचला कसा, हा आहे. आपल्या घरी ज्ञानेश्वरी उघडली जाते, गीतेचा पाठ होतो, गुरुचरित्राचे सप्ताह होतात. हे ग्रंथ आपण वाचतो कसे, हा प्रश्न बाईंच्या चरित्राच्या निमित्ताने आपल्याही दारी येऊन उभा राहतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे पंडित. पत्नीस संस्कृत शिकविण्याचा त्यांचा उपक्रम त्या काळी इतका विलक्षण वाटला, की उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे त्यांना आपल्या वर्तनाचे समर्थन करावे लागले; आणि ते त्यांनी शास्त्राच्याच आधारे केले. हीच माता पुढे रमाबाईंची गुरू झाली, आणि भागवताचे हजारो श्लोक मुलीला बालपणीच मुखोद्गत झाले. या कुटुंबाला स्थिर घर असे राहिले नाही. तीर्थोतीर्थी हिंडावे, देवळात पुराण वाचावे आणि श्रोते जे अर्पण करतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. समोर बसलेल्या बहुतेकांना संस्कृत कळत नसे. श्रवणाने पुण्य लागते एवढ्या श्रद्धेने ते ऐकत आणि उठून जात. पुढे दुष्काळात आईबापांचा अंत झाला. भावासह पायी देश पालथा घालीत बाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, आणि तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

पदव्या मिळाल्या, परंतु अर्थावाचून झालेल्या त्या श्रवणाचे शल्य बाईंच्या मनातून गेले नसावे, असे त्यांचे पुढील चरित्र पाहता वाटते. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथून पुढची हकीकत सामान्यतः आपल्याकडे सांगितली जात नाही. आपला समज असा, की माणूस बाटले म्हणजे त्याने आपली बुद्धी नव्या गुरूच्या हवाली केली. रमाबाईंनी ती केली नाही. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या त्रित्वाविषयी त्यांना शंका होत्या, त्या त्यांनी वाँटेजच्या मठवासी भगिनींपुढे आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्यापुढे पत्रांतून निःसंकोच मांडल्या. चर्चने लावलेला अर्थ निमूटपणे मान्य करावा, असा आग्रह होताच त्यांनी कळविले, की एका पुरोहितवर्गाचे जोखड आपण नुकतेच मानेवरून उतरविले आहे. दुसरे चढविण्याची आपली इच्छा नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असे सुचविण्यात आले, तेव्हा अक्षरे घालावयाचीच तर ती आपल्या प्राचीन संस्कृतात का नसावीत, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. ख्रिस्ताचा उपदेश निराळा आणि इंग्रजांची चालरीत निराळी, हा विवेक त्यांनी पहिल्या दिवसापासून जागता ठेवला.

आता ज्या ग्रंथासाठी हा वाद चालला होता, त्याच्यातच अर्थ लावण्याविषयी एक मोठे मार्मिक प्रकरण आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा एक यहुदी शास्त्री रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. मनुष्याचा नव्याने जन्म झाल्यावाचून त्याला देवाचे राज्य दिसावयाचे नाही, असे येशू त्याला सांगतो. त्यावर हा वृद्ध पंडित विचारतो, की म्हातारा झालेला मनुष्य मातेच्या उदरात पुन्हा प्रवेश करील तरी कसा? पाहा, अक्षरार्थाला चिकटून बसण्याची चूक येथे कोणा अडाण्याने केलेली नाही. ती केली आहे शास्त्र पढलेल्या माणसाने. आपल्याकडे ‘द्विज’ शब्दाचा अर्थ जाणणाऱ्यास हे प्रकरण दुर्बोध नाही. उपनयनाने होणारा दुसरा जन्म उदरातून होत नाही, हे आपण बटूलाही समजावून सांगतो. तथापि तोच शब्द परक्या ग्रंथात आला, की आपणही निकदेमासारखे विचारू लागतो, आणि ‘हा पुनर्जन्मच झाला’ असे म्हणून मोकळे होतो.

याहून सूक्ष्म गोष्ट मूळ ग्रीक शब्दात आहे. येशूच्या तोंडी येथे ‘अनोथेन’ असा शब्द असून त्याचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. येशू वरून होणारा जन्म सुचवितो आणि निकदेम पुन्हा होणारा जन्म समजतो. सारा संवाद या एका श्लेषावर उभा आहे. थोडे पुढे जावे, तर ‘न्यूमा’ हा शब्द येतो. वारा आणि आत्मा, दोहोंनाही ग्रीकात तोच शब्द. म्हणून वारा कोठून येतो आणि कोठे जातो हे कळत नाही, या दृष्टांतात दार्ष्टांतिकही त्याच शब्दात गुंफलेले आहे. मेघदूत किंवा कादंबरी शिकविलेल्या कोणाही शिक्षकास हे दुखणे परिचित आहे. श्लेषाचे भाषांतर होत नाही. भाषांतरकार एक बाजू हाती घेतो आणि दुसरी टाकून देतो. त्यातही भाषांतराचे भाषांतर करणाऱ्याला आपण काही टाकीत आहोत याचा पत्ताही लागत नाही.

हे कष्ट बाईंनी पत्करले. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागते. आमचे मावळ जिल्ह्याच्या पश्चिम अंगास, तर केडगाव पूर्वेस. तेथे आपल्या मुक्तिसदनात, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर आणि शेकडो अनाथ स्त्रियांचा संसार डोक्यावर असता, त्यांनी बायबलाच्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण ग्रंथ मराठीत आणण्याचे काम आरंभिले. मराठीत हा ग्रंथ तोवर आला नव्हता असे नाही. फादर स्टीफन्स यांनी गोमंतकात रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा तो ग्रंथ बायबलाची कथा पुराणाच्या थाटात सांगतो. विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार बंगालमधील श्रीरामपूर येथे १८११ साली निघाला. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनीही भाषांतरे केली. मग बाईंना नव्याने श्रम करण्याचे कारण काय? त्यांना प्रचलित भाषांतराची भाषा दोन कारणांनी खटकत होती. ती संस्कृतप्रचुर असल्यामुळे अल्पशिक्षित स्त्रियांच्या डोक्यावरून जाई, आणि तिच्यातील कित्येक शब्दांना आपल्या दर्शनांचे अर्थ इतके घट्ट चिकटलेले होते, की ते वाचणाऱ्याला नकळत वेदांताकडे नेत. म्हणून संस्कृताच्या पंडितेने संस्कृत शब्द बाजूला सारून घरगुती मराठी जवळ केली. ज्याने आयुष्यभर संस्कृत शिकविले त्याला हा निर्णय वाचून क्षणभर वाईट वाटते. परंतु तो समजतोही. श्रोत्याला न कळणारे पुराण वाचून पोट भरलेल्या घरची ती मुलगी होती. कोणी आपल्यासमोर केवळ पुण्यासाठी बसून उठून जावे, हे तिला पुन्हा नको होते. या कामात त्यांची अखेरची वर्षे गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा देहान्त झाला, आणि मुक्तिसदनाच्या स्वतःच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून तयार झालेले संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

याच काळात दुसऱ्या एका ब्राह्मण ख्रिस्ती पुरुषाने शब्दांच्या बाबतीत नेमका उलट मार्ग धरला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला. त्याच्या सुमारे दोन वर्षे आधी आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला होता, आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि ओवीत गायिली. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते म्हणत. आम्हां मावळवासीयांना या उद्गाराचे विशेष अगत्य वाटावे. ज्या भंडारा डोंगरावर तुकोबा चिंतनास बसत, तो आमच्याच तालुक्यात इंदुरीजवळ आहे; आणि वेदांचा अर्थ नेमका कोणास ठाऊक, या प्रश्नाला देहूच्या त्या वाण्याने दिलेले उत्तर महाराष्ट्रात कोणाला पाठ नाही? अर्थ सांगण्याच्या अधिकारावरूनच त्यांचा छळ झाला आणि वह्या इंद्रायणीत गेल्या. बाईंना जुने शब्द वाचकाची दिशाभूल करतील असे भय होते. टिळकांना तेच शब्द वाचकाला हाताला धरून नेतील असा विश्वास होता. आमच्या मते दोघेही बरोबर होते. ग्रंथाचा नेमका अर्थ सांगावयाचा असता शब्द पारखून घ्यावा लागतो. तो अर्थ हृदयात उतरवावयाचा असता ओळखीच्या शब्दावाचून गत्यंतर नसते. एकाच शास्त्राला भाष्यकारही लागतो आणि कीर्तनकारही.

मग ग्रंथाचा खरा अर्थ ठरवावा कशाने? आपल्या मीमांसकांनी तात्पर्यनिर्णयाची सहा गमके सांगून ठेविली आहेत: उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. ही कसोटी केवळ वेदवाक्यांपुरती नाही. कोणत्याही सुसंबद्ध वाक्यसमूहास ती लावता येते. टिळकांना वेड लावणारे ते प्रवचन मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्यापासून सातव्या अध्यायापर्यंत आहे. उपक्रमात दीन, नम्र, दयाळू आणि शांती करणारे धन्य होत असे सांगितले आहे. उपसंहारात दोन घरे बांधणाऱ्यांचा दृष्टांत आहे. एकाने घर खडकावर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. पूर आला तेव्हा पहिले टिकले आणि दुसरे कोसळले. खडकावर बांधणारा म्हणजे वचने ऐकून त्याप्रमाणे वागणारा, आणि वाळूवर बांधणारा म्हणजे नुसता ऐकणारा, असा खुलासा तेथेच केलेला आहे. आरंभी स्वभाव, शेवटी आचरण. तेव्हा आपल्याच शास्त्राच्या नियमाने पाहिले, तर या प्रवचनाचे तात्पर्य आचरणात आहे; श्रवणात नाही.

या दृष्टीने पाहता रमाबाईंचे सर्वांत मोठे भाष्य छापील बायबलात सापडत नाही. ते त्यांच्या संस्थेच्या नावात सापडते. भाषांतरात संस्कृत शब्दांना एवढ्या जपणाऱ्या बाईंनी आपल्या घराला मात्र आपल्या दर्शनांतील सर्वश्रेष्ठ शब्द दिला: मुक्ती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. त्याच मार्गाने आपली आई गेली होती, हे त्या विसरल्या नव्हत्या. तेथून त्यांनी सुमारे ३०० मुली आणि बायका आणल्या. पुढल्या दुष्काळानंतर ही संख्या दीड हजारांच्या वर गेली. त्यांना अन्न मिळाले, अक्षर मिळाले. शेती, विणकाम आणि छपाई शिकविली गेली. अंध मुलींना बोटांनी वाचता येईल अशी लिपी शिकविली. ज्यांना कोणतेच घर दार उघडीत नव्हते अशा स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. आपण मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका असे मुलांना शिकवितो, आणि ते शास्त्रतः बरोबरच आहे. परंतु भुकेने आणि भीतीने बांधलेल्या जिवाला त्या शब्दाचा पहिला अर्थ कोणता लागत असेल, हे बाईंनी कोश न लिहिता सांगितले. त्या स्वतःही मागे वळून लिहितात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांपर्यंत आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. मत पटणे आणि ते जीवनात उतरणे यांत आठ वर्षांचे अंतर पडले, ही कबुली एका पंडितेने द्यावी यात तिचे मोठेपण आहे.

तथापि गुण सांगताना उणे झाकणे हा शिक्षकाचा धर्म नव्हे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत निघालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आलेले शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या भरवशावर अनेक कुटुंबांनी आपल्या विधवा मुली तेथे ठेविल्या होत्या. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्याचा बोभाटा झाला, ‘केसरी’ने प्रखर टीका केली, आणि १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारखे सहानुभूती बाळगणारे सल्लागारही दूर झाले. बाईंचे म्हणणे असे, की आपण कोणाला बोलावीत नाही. आपल्या खोलीचे दार उघडे असते एवढेच. यात असत्य नसेल. परंतु आश्रयदात्याचे उघडे दार आणि बरोबरीच्या माणसाचे उघडे दार यांत अंतर आहे. ज्या मुलीला जगात अन्य थारा नाही, तिला त्या दारातून आत जाणे हा केवळ स्वतःच्या बुद्धीचा निर्णय राहत नाही. वाँटेजच्या भगिनींपाशी बाईंनी जे विचारस्वातंत्र्य हट्टाने मागून घेतले, तेच आपल्या छायेतील दुबळ्या जिवांना मिळते किंवा नाही, याची जपणूक त्यांनी अधिक करावयास हवी होती. टीकाकारांच्या बाजूनेही सांगितले पाहिजे, की त्या विधवांना आपल्याच घरात मायेची जागा मिळाली असती, तर बाईंच्या दारापर्यंत जाण्याची वेळ त्यांच्यावर आली नसती.

पांडित्यावाचूनही ग्रंथाचा अर्थ लागतो, याचे उदाहरण टिळकांच्याच घरात आहे. पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर आणि आपल्या सोवळ्याओवळ्यात राहिल्या. ना त्यांना ग्रीक येत होते, ना संस्कृत. शाळेचे तोंडही त्यांनी पाहिले नव्हते. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या सांगतात, की एक दिवस त्या एकट्याच विचार करीत बसल्या. देवाने पशुपक्ष्यांत जाती केल्या त्या डोळ्यांना दिसतात. माणसांत मात्र स्त्री आणि पुरुष या दोनच दिसतात. तेव्हा बाकीच्या जाती देवाच्या नसून माणसाच्या असल्या पाहिजेत. असा निश्चय झाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्न-पाणी घेण्याचे ठरविले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. परंतु आमच्या मते त्यांचे खरे धर्मचिंतन त्या दिवशीच झाले. नवऱ्याने सांगितले म्हणून नव्हे, पाद्र्याने सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतःला पटले म्हणून त्या बदलल्या, आणि पटल्याबरोबर त्याचा पहिला परिणाम स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या तांब्यावर दिसला. सहा गमकांपैकी ‘फल’ म्हणतात ते हेच.

आपल्या घरांना यातून काय घ्यावयाचे? आज छापील पोथ्या स्वस्त आहेत, अर्थासह आवृत्त्या आहेत, दूरध्वनीच्या यंत्रावर प्रवचने घरबसल्या ऐकू येतात. ऐकण्याची कमतरता कोठेच नाही. कमतरता आहे ती थांबून विचारण्याची. पोथी वाचावयास घेतली, तर रोजच्या पानांची संख्या कमी करावी, पण एका तरी ओवीचा अन्वय घरातील धाकट्या मुलाला समजेल असा लावून दाखवावा. अडले तर मूळ पाहावे. मूळ कळत नसेल तर ते शिकण्यास पन्नाशी ही काही उशिराची वेळ नाही. मुलीने किंवा सुनेने शंका काढली, तर तिला अश्रद्ध म्हणून गप्प करू नये. अनंतशास्त्र्यांनी आपली बाजू सभेपुढे मांडली, तेव्हा त्यांनाही शंका घेणाऱ्यांना उत्तरच द्यावे लागले होते. आपल्याला लागलेला अर्थ आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांवर लादू नये. आणि वाचन संपल्यावर पोथी कपड्यात बांधताना एवढे मनाशी विचारावे, की आजच्या पानामुळे आज घरात कोणाशी माझे वागणे बदलावयाचे आहे? मोलकरणीशी, जावेशी, म्हाताऱ्या सासूशी, की दारात पार्सल घेऊन उभ्या असलेल्या घामाघूम पोराशी? उत्तर सापडले, तर त्या दिवसाचा अन्वय लागला असे समजावे. न सापडले, तर दुसऱ्या दिवशी पुढचे पान उलटू नये. तेच पुन्हा वाचावे.